बादल्यांची शाळा

जाकमेल,
२४ जानेवारी १९९९

चिरंजीव ओसनेल,

तुला आणि तुझ्या त्या बर्फाच्या गावाला या म्हातारीचा आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलास आणि पोचल्या पोचल्या सर्दी धरलीस, हे पाद्रीबाबांकडून कळलं. त्यांच्याकडे फोन आला की कुणाला खोकला आहे ते अख्ख्या गल्लीला कळतं. आलं घालून चहा घे आणि डोक्याला काहीतरी गुंडाळत जा. डोकं उघडं टाकून हिंडायची तुझी सवय जुनी. मी बरी आहे. गुडघा बोलत असतो, मी त्याचं ऐकत नाही. एक जानेवारीचं, स्वातंत्र्याच्या सणाचं भोपळ्याचं सूप तू वाटीमागून वाटी हाणलंस, त्याची गोष्ट शेजारीण अजून सांगत फिरते. परदेशात राहून पोरगं सुधारलं नाही म्हणते, म्हणजे कौतुकच आहे.

टाकी कशी चालली आहे असं विचारलंस. टाकी छान आहे. निळीशार आहे, चर्चच्या पायऱ्यांवरूनही दिसते. चारही तोट्यांना धो धो पाणी येतं. बादली नीट टेकवेपर्यंत भरलेली असते. आपला गवंडी बॉस ओदिलों रोज सकाळी येऊन त्या पितळी तोट्या फडक्याने पुसतो. एवढी निगा त्याने कधी बायकोची राखली नाही. तुझ्या नावाच्या फलकावर कबुतरांनी एकदा घाण केली होती, तीही त्याने पुसली.

तुझं भाषण लोकांच्या तोंडी आहे. ‘माझं बालपण या नळाच्या रांगेत उभं राहण्यात गेलं, आता इथल्या एकाही लेकराचं जाणार नाही’ हे वाक्य तर न्हाव्याच्या दुकानातही ऐकू येतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मी डोळे पुसत होते ते तू पाहिलंस आणि माझा हात धरून सगळ्यांना दाखवलंस, बघा, आमच्या बाईंना किती आनंद झालाय. असो.

शाळा चालू आहे. नेहमीचीच पोरं. डोंगरातून आणून कुणाकुणाच्या घरी राहायला दिलेली. सकाळी घरच्या मुलींच्या वेण्यांना रिबिनी बांधून त्यांना शाळेत पोचवायचं, आणि दुपारी पाण्याच्या निमित्ताने स्वतः आमच्या अंगणात यायचं. तुला काय सांगायचं, तू त्यांच्यातलाच. रांगेत बादली ठेवायची, बाकावर बसायचं, पाटी घ्यायची, नंबर येईपर्यंत जमेल तेवढं शिकायचं. सध्या पोरं जरा कमी दिसतात, पण जानेवारीत असं होतंच. सणासुदीची कामं उरलेली असतात घराघरांत.

एलिमेनची तू फार चौकशी केलीस. तिने तुला जो प्रश्न विचारला, बर्फ हातात धरला की भाजतो म्हणतात ते खरं का, त्याचं उत्तर तू दिलंस ते तिने सगळ्या पोरींना सांगितलं आहे, आणि स्वतःचं थोडं वाढवूनही सांगितलं आहे. जूनमधल्या सहावीच्या सरकारी परीक्षेला तिचं नाव घातलं. ती पास झाली तर सिस्टरांच्या शाळेत राहून पुढे शिकायचा सगळा भार तुझा, हे तू सगळ्यांदेखत बोललास. पोरीने ते गाठीला बांधून ठेवलं आहे. मादाम व्हिलारच्या घरातून बाहेर पडायची तिला ही एकच वाट आहे. मला भीती आहे ती फक्त फ्रेंचची. गणितात तिचा हात कुणी धरत नाही. बोटांवर असं काही मोजते की मला पाटीवर करूनही तिच्या मागून उत्तर येतं.

तिच्या अभ्यासाकडे लक्ष आहे. तू काळजी करू नकोस.

तुझी,
सेलियानबाई


जाकमेल,
१८ एप्रिल १९९९

प्रिय ओसनेल,

ईस्टरचा आशीर्वाद. तुझं खोकं मिळालं. पेन्सिली, वह्या, खोडरबरं, सगळं नीट पोचलं. कस्टमवाल्याने एक पेन्सिल कानावर अडकवून ठेवून घेतली, तेवढं चालायचंच. मला पाठवलेला स्वेटर अंगात घालून मी आरशासमोर उभी राहिले आणि घाम पुसत काढून ठेवला. या गावात स्वेटर पाठवणारा तूच. मरेन तेव्हा घाला म्हणून सांगून ठेवलं आहे.

तोट्यांपाशी सगळी पोरं उभी करून फोटो काढा, टाकीला पैसे देणाऱ्या मंडळाला दाखवायचा आहे, असं तू लिहितोस. फोटोवाला आला होता. उजेड बरोबर नव्हता. नंतर पुन्हा बोलावीन म्हटलं, ते राहून गेलं. तुमच्या मंडळातल्या लोकांना फोटोशिवाय झोप लागत नाही का रे? तिथे बसून इथलं सगळं दिसायला हवं, उंटावरून शेळ्या हाकायच्या. रागावू नकोस. सध्या माझी चिडचिड जास्तच होते. फळ्याशीसुद्धा भांडते.

रांगेच्या कडेचे दोन बाक मी आत छपराखाली नेऊन ठेवले. उन्हात फुगत होते. भिंतीवरचे अक्षरांचे तक्तेही काढले.

एलिमेनचं सांगते. तू आनंदाने लिहितोस की आता पोरांना अभ्यासाला वेळच वेळ मिळत असेल. हं. मादाम व्हिलारने बर्फाची पेटी घेतली आहे आणि दारात गार पाणी विकते. त्यामुळे पोरीच्या खेपा वाढल्या. आधी दुपारी एक मोठी बादली पुरायची, आता खेपेवर खेप. पाणी झटकन मिळतं म्हटल्यावर खेपा वाढणारच, त्यात तिची मादाम वेगळी नाही, सगळ्याच घरांत तेच. मग आम्ही दोघींनी एक युक्ती काढली. ती तोटीखाली बादली धरते तेवढ्यात मी तिला एक प्रश्न सांगते. जाताना ती डोक्यावर पाणी आणि तोंडात प्रश्न घेऊन जाते, आणि पुढच्या खेपेला उत्तर आणते. उत्तर बरोबर आलं की दुसरा प्रश्न. उत्तर चुकलं तर जागच्या जागी एका वाक्यात समजवायचं, कारण बादली भरलेली असते. अशी मी भूमितीसुद्धा शिकवली, ओसनेल. त्रिकोण तिने चुंबळीच्या चिंधीने घडी घालून दाखवला.

हुशार आहे हो. परवा म्हणाली, “बाई, फ्रेंचचे प्रश्न आल्या आल्या इथेच विचारत जा, गणिताचे जाताना द्या.” का गं, म्हटलं. तर म्हणे जाताना चढावर धाप लागते, तेव्हा शब्द विसरायला होतात, आकडे राहतात.

फ्रेंचची क्रियापदं मात्र अशी खेपेला एक करून होत नाहीत. त्यांना बैठक लागते. ती कोळशाने दंडावर लिहून नेऊ लागली, बाहीच्या आत. गेल्या आठवड्यात मी तिची बाही वर केली तर... नको. ते राहू दे.

परीक्षेला अजून अवकाश आहे. मादामकडे जाऊन तिला रोज थोडा वेळ सोडा असं मोकळेपणाने विचारायचा माझा विचार आहे. इतक्या वर्षांत कुठल्या घरी असं विचारायची वेळ आली नव्हती.

आणखी एक. पुढची टाकी कुठे बांधायची ते तुमच्या मंडळाने ठरवलं आहे का? घाई करू नका. पावसाळ्यात सिमेंट वाळत नाही.

आशीर्वाद.

सेलियानबाई


जाकमेल,
११ जुलै १९९९

ओसनेल,

बाळा, तब्येत, हवापाणी, गुडघा हे सगळं यावेळी बाजूला ठेवते. सगळं होतं तसंच आहे. तुझं पत्र काल पाद्रीबाबांनी हातात दिलं. नदीपलीकडे मार्थच्या दुपारच्या शाळेत दुसरी टाकी बांधायची ठरली, ऑगस्टमध्ये काम सुरू, बॉस ओदिलोंला सांगून ठेवा, असं तू लिहिलंस. त्याला मी सांगितलेलं नाही. हे पत्र वाचून होईपर्यंत तूही कुणाला काही सांगू नकोस. सामान घेतलं असेल तर परत कर.

आपला जुना नळ तुला आठवतो. त्याला तू ‘म्हातारा’ म्हणायचास. म्हाताऱ्याची धार बघा, म्हाताऱ्याला डॉक्टर दाखवा, असं काहीबाही बोलून पोरांना हसवायचास, आणि मी फळ्याकडे तोंड करून हसायची. त्या म्हाताऱ्याला काहीही झालं नव्हतं. सकाळी त्याच नळावर पाद्रीबाबांची केळीची बाग भिजायची. दुपारी तुम्ही यायच्या आधी मी मागे जाऊन फरशी उचलायची, पाना लावायची आणि मुख्य चावी आवळायची. करंगळीएवढी धार राहील इतकीच. त्याहून जास्त आवळली तर बायका तुम्हाला दुसऱ्या नळावर पाठवणार, सैल सोडली तर तुम्ही भरून निघून जाणार. रांग सरकेपर्यंत एक धडा व्हावा एवढी धार. हे गणित बसवायला मला पहिलं अख्खं वर्ष लागलं.

दुसरं काय करणार होते? राहायला दिलेल्या पोराला शाळेत पाठवा असं म्हणायला मी दारोदार गेले असते तर कुणी पाठवलं असतं? पण पाण्याला पाठवायला सगळेच तयार. पाणी फुकट, गोड, आणि रांग मोठी. पोर उशिरा आलं तर दोष नळाचा. घरी मार बसायचा तो नळाला शिव्या घालून थोडा कमी बसायचा. तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, कारण पोरांच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि मार खाताना तर नाहीच. बॉस ओदिलोंला माहीत होतं, आणि मार्थ शिकवायला लागली तेव्हा तिला सांगितलं. किती आटे फिरवायचे ते मीच दाखवलं तिला.

तू मोठा झालास, लांब गेलास, तेव्हा तरी सांगायचं. सांगितलं नाही. त्यात लपवायचं काही उरलं नव्हतं, पण सांगायचं कारणही पडलं नाही. मग तू टाकी घेऊन आलास. सगळ्यांना गुपित ठेवून, मला चकित करायचं म्हणून. पाईप आले, सिमेंट आलं, तू बाह्या सरसावून स्वतः विटा उचलल्यास. तुझा चेहरा मी पाहत होते. त्या चेहऱ्याकडे बघून, बाबा रे हे पाडून टाक, असं कुणाच्या तोंडून निघालं असतं? मला वाटलं, निभावून नेऊ. मी इतक्या वर्षांची मास्तरीण, रांग नसली तरी पोरं धरून ठेवीन. कसली धरून ठेवतेय.

पहिल्याच आठवड्यात पोरं भरून भरून निघून गेली. बसा रे थोडा वेळ, म्हटलं तर उभ्या उभ्या म्हणायची, बाई, मादामला माहीत आहे आता वेळ लागत नाही. जी बसली त्यांनी मार खाल्ला. मग कुणी बसेना. फेब्रुवारीत बाकावर चार होती. मार्चनंतर एकटी एलिमेन, तीही उभी, बादली भरेपर्यंत. जानेवारीत पोरं कमी असतातच असं मी तुला लिहिलं होतं ते खोटं होतं. फोटोवाला आला होता हे खरं आहे. त्याला मीच परत पाठवला. कुणाचा फोटो काढणार होता तो? टाकीचा?

तिच्या दंडावर काय होतं तेही आता लिहिते. कोळशाची अक्षरं मादामने दगडाने घासून काढली होती. सालपट गेलं होतं.

मे महिन्यात मी मादाम व्हिलारच्या फाटकाशी गेले. रीतीप्रमाणे ‘मान असो’ म्हणून हाक दिली. आतून ‘आदर असो’ यायला बराच वेळ लागला. ती शिवणयंत्रावर बसली होती. तिच्याबद्दल तू वाईट विचार करत असशील, मीही करत होते, पण दोन खोल्या, यंत्र, एक बर्फाची पेटी आणि बाहेरगावी जाऊन न परतलेला नवरा, एवढाच तिचा संसार आहे. मी सरळ विचारलं, परीक्षेपर्यंत पोरीला रोज थोडा वेळ सोडाल का.

तिने यंत्र थांबवलं. म्हणाली, “बाई, मला बावळट समजता का तुम्ही? तो नळ दुपारचाच तेवढा बारीक व्हायचा. मला डोळे आहेत.”

मग विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत?

“कशाला बोलू? पोरगी दोन अक्षरं शिकली तर माझं काय जात होतं? कुणी विचारलं तर सांगायला तोंड होतं, काय करणार, रांगच एवढी, मेली तिथे अडकून पडते. आता काय सांगू? फी थकली म्हणून माझी स्वतःची दोन घरी बसली आहेत. नणंद रोज येऊन या दारात बसते. ती म्हणेल, पोटच्या पोरांना नाही आणि डोंगरातल्या पोरीला शाळा. ती रांग होती ती तुम्हालाही बरी होती आणि मलाही. काढलीत कशाला?”

ओसनेल, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी तिच्याशी भांडायला गेले होते आणि तिचं म्हणणं मला पटलं. उठले, निघाले. दारात नणंद बसली होतीच. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

घरी येऊन मी काय केलं असेल? टाकीची चावी बंद केली. दुपारभर एकही थेंब येऊ दिला नाही. वाटलं, बिघाड झाला म्हणू, पुन्हा हळूहळू बारीक धारेवर आणू. तासाभरात बायका स्वतः आल्या, पदर खोचून. एकीने विचारलं, एवढी नवी टाकी बिघडतेच कशी? बॉस ओदिलों धावत आला, बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चावी उघडली. नंतर एकीकडे घेऊन म्हणाला, मंडळाची टाकी आहे बाई, मला त्यांना जाब द्यावा लागतो. तोही बिचारा काय करेल. एकदा भरपूर पाणी पाहिलेल्या माणसांना बारीक धार पुन्हा खरी वाटत नाही.

आता परीक्षेचं.

पोरांनीच ठरवलं, मी नाही. रोज भरून निघून जाणारी तीच पोरं. एलिमेनच्या खेपा त्या दिवशी आपण आपापल्या खेपांच्या मधे करायच्या, तिच्याच बादलीने, आणि बादली मादामच्या मागच्या दाराशी ठेवून यायची. एलिमेन पहाटेच्या खेपेला म्हणून बाहेर पडली आणि माझ्याबरोबर नदीपलीकडच्या सरकारी शाळेत आली, परीक्षा तिथे होती. माझ्या भाचीचा निळा झगा मी तिला आवळून घातला होता. बूट मोठे होते, पुढे कापूस भरला. ती वाटेत एक अक्षर बोलली नाही, फक्त ओठ हलत होते. क्रियापदं.

सकाळी फ्रेंच झालं. बाहेर आली ती हसत. “बाई, मला वाटलं होतं तेवढं ते दुष्ट नाही,” म्हणाली. फ्रेंचबद्दल. इतकं बरं वाटलं मला. आम्ही बदामाच्या झाडाखाली बसलो, मी शेंगदाण्याची चिक्की नेली होती. दुपारी गणित होतं. म्हणजे जिंकल्यातच जमा. तिला मी म्हटलं, आता उगाच घाई करू नकोस, दिलेला सगळा वेळ वापर. ती म्हणाली, “सगळा वेळ? बसून?” आणि पुन्हा हसली.

इकडे मादामच्या घरी पाणी वेळेवर येत होतं. एक थेंब कमी नाही. पण नणंद मागच्या दाराशी जाऊन बसली आणि बादली वेगवेगळ्या डोक्यांवरून येताना तिने पाहिली. पाणी आलं, मग पोरगी कुठे आहे?

परीक्षेचं तिने त्या दिवशी दारात बसून ऐकलंच होतं. ती शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. हाक मारली नाही, काही नाही. नुसती उभी. एलिमेनने तिला माझ्याआधी पाहिलं. हातातली चिक्की माझ्या हातात दिली, उठली, बूट काढून बाजूला ठेवले. मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, बस खाली, मी बघते तिच्याकडे, पेपर झाल्यावर मी स्वतः घेऊन जाईन तुला, जो मार बसायचा तो मला बसू दे.

“जाऊ द्या बाई,” ती म्हणाली. “आत्ता गेले तर आजचाच मार बसेल.”

हात सोडवून घेतला आणि गेली. मी तिच्या मागे फाटकापर्यंत गेले, नणंदेशी बोलले, ओरडलेसुद्धा. चारचौघांत ओरडले, या वयात. परीक्षेचे साहेब बाहेर येऊन म्हणाले, बाई, इथे शांतता ठेवा, मुलं पेपरला बसताहेत.

निकालात तिचं नाव नाही. असणार कुठून.

आठवडा संपायच्या आत मादामने तिला पोर्ट-ऑ-प्रिन्सच्या एका व्यापारीणबाईच्या हवाली केलं. बाजाराच्या ट्रकवर कांद्यांच्या पोत्यांवर बसवून. चांगल्या घरी दिली आहे असं मादाम म्हणते. कुठल्या, ते तिला माहीत नाही. व्यापारीणबाईला गाठलं, तर ती म्हणते एकीने मागितली म्हणून दिली, तिचं नाव मला काय ठाऊक. एवढं मोठं शहर, ओसनेल. आणि अशा पोरी तिथे रस्त्यातल्या दगडांइतक्या. त्यांना रेस्तावेक, म्हणजे दुसऱ्याच्या घरी राहून राबणारी, म्हणतात तिथे, तोंडावर. तुला त्या शब्दाची किती चीड होती ते मला माहीत आहे, पण लोक तिला आज त्याच नावाने हाक मारत असतील.

मी डोंगरावर तिच्या आईकडे गेले. सांगायलाच गेले होते. गुडघा धरून धरून चढले. आईने खाटेवर धुतलेली चादर घालून मला बसवलं आणि कॉफी केली, स्वतःसाठी न करता. विचारलं, आमची एलिमेन लिहायला शिकली का? म्हटलं, शिकली.

“मग मला पत्र का नाही लिहीत?”

तुला वाचता येत नाही ना, असं माझ्या तोंडून गेलं.

“नुसतं बघेन की,” म्हणाली.

मी सांगितलं नाही. जानेवारीत तुझ्यासमोर गप्प बसले तशीच तिथे गप्प बसले. तिने निघताना एलिमेनसाठी रताळ्यांची पिशवी दिली, आणि वर दोन कच्चे नीरफणस. मी ती पिशवी घेतली. घेतली आणि डोंगर उतरले. त्या रताळ्यांना आता कोंब आलेत, आणि मला ती ना खाववत, ना टाकवत. तिसऱ्यांदा गप्प बसायची ताकद माझ्यात नाही, म्हणून तुला हे सगळं लिहिते आहे.

मार्थच्या शाळेत पंचवीसेक पोरं येतात. तिची धार अजून बारीक आहे. ती पोरं नळाला काय नाव ठेवतात कोण जाणे, काहीतरी वाईटच असणार. तिथे टाकी बांधू नकोस. काहीतरी द्यायचंच असेल तर बाक दे, उन्हाला छप्पर दे. रांग लांब राहू दे. तुझ्या मंडळाला काय सांगायचं ते तू बघ, खरं सांगितलंस तर उत्तम, पण मग ते कुणाच्या तरी पुतण्याच्या तोंडून इथे पोचेल आणि मार्थचीही शाळा जाईल. म्हणून खोटं सांग. खोटं बोलायला मी तुला शिकवलं नव्हतं, आता शिकवते.

आणि तुमच्यातली माणसं पोर्ट-ऑ-प्रिन्सला जातात येतात. त्यांना म्हणावं, जिथे जिथे पाण्याची रांग दिसेल तिथे थांबा आणि बोटांवर मोजत उभी असलेली बारीक मुलगी आहे का ते पाहा. रांगांमध्येच सापडेल ती. दुसरीकडे तिला कोण जाऊ देणार आहे?

तू मला रागावशील. आधी सांगितलं असतं तर, असं म्हणशील, आणि ते बरोबरच आहे. स्वतःला मात्र दोष देऊ नकोस. तू प्रेमाने दिलंस, आणि प्रेमाने दिलेलं नको म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे नव्हती. त्या दिवशी सगळ्यांसमोर तू म्हणालास, माझं बालपण या रांगेत उभं राहण्यात गेलं. तेव्हाच उठून मी बोलायला हवं होतं. तू उभा नव्हतास, ओसनेल. तुझी बादली उभी होती. तू पहिल्या बाकावर बसला होतास, आणि तुझा नंबर लवकर येऊ नये म्हणून मी मागे जाऊन चावी आणखी थोडी आवळून यायची.

तुझं पाणी अडवून धरणारी,
तुझी बाई